स्किन कलर म्हणजे नक्की कोणाच्या स्किनचा?

हल्ली एक शब्द माझ्या फार डोक्यात जातो. 'न्यूड'. लिपस्टिकच्या दुनियेत त्याने धुमाकूळ घातला आहेच, पण आजचा विषय आहे आयशॅडोच्या खाली लावायचे क्रीम बेस. यांच्या डबीवर 'न्यूड', 'नॅचरल', 'स्किन' किंवा (हा तर माझा सगळ्यात लाडका) 'युनिव्हर्सल' असं काहीतरी छापलेलं असतं. झाकण उघडावं तर आत काय? दुधात भिजलेल्या मारी बिस्किटाचा रंग. युनिव्हर्स केवढं मोठं आहे ते शास्त्रज्ञ बघून घेतील, पण त्यात पुणे, नागपूर आणि सोलापूर येत नसावं एवढं मात्र नक्की.

माझं म्हणणं सरळ आहे. गव्हाळ किंवा सावळ्या पापणीवर फिकट बेज बेस हा 'न्यूट्रल' नसतो. तो एक रंग असतो, जसा निळा असतो, जांभळा असतो. आणि रंगाला 'त्वचा' म्हणून विकणं ही लबाडी आहे. छोटी आहे, रोजची आहे, सवयीची झाली आहे, पण लबाडीच.

"अगं, डबीच तर आहे, एवढं काय त्यात!" इति टीममधला एक मित्र. हा तोच मित्र, जो कीबोर्डचे ब्राउन स्विच चांगले की रेड यावर चहाच्या टपरीवर पाऊण तास बोलू शकतो. ते 'पॅशन'. मी पाच ग्रॅमच्या दोन डब्यांची तुलना केली की ती 'नटवेगिरी'. असो. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी.

बेस लागतोच कशाला?

पापणीची कातडी शरीरातल्या सगळ्यात पातळ कातडीपैकी एक. तिला तेल सुटतं, घाम येतो आणि वर ती दिवसभर उघडझाप करत असते. माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा डोळे मिचकावतो. दहा तासांचा दिवस धरला तर ९,००० वेळा तीच घडी त्याच जागी पडते. (स्क्रीनकडे बघताना आपण कमी मिचकावतो म्हणे. म्हणजे आपल्या धंद्यातल्या बायकांचा मेकअप जास्त टिकायला हवा. टिकत नाही, कारण एसीच्या बाहेरही आयुष्य असतं.) नुसती पावडर शॅडो लावली की दुपारपर्यंत ती त्या घडीत गोळा होते आणि डोळ्यावर पेन्सिलने रेघ मारल्यासारखं दिसतं. ते होऊ नये म्हणून खाली बेस.

बऱ्याच टिकाऊ क्रीम बेसमध्ये आयसोडोडेकेनसारखं पटकन उडून जाणारं द्रावण असतं. सोबत सिलिकॉनचं रेझिन, मेण, बारीक पावडर आणि रंगद्रव्य. पापणीवर लावलं की मिनिटाभरात द्रावण उडतं आणि मागे पातळ, लवचीक थर राहतो. झाकण नीट न लावलेली डबी सुकून दगड होते तीही याचमुळे. बोटाने पातळ लावायचं, सुकायच्या आत पसरवायचं, आणि सुकल्यावर पुन्हा हात लावायचा नाही, हे तीन नियम इथूनच येतात.

आता रंगद्रव्याकडे या, कारण खरी गंमत तिथे आहे. डबीच्या खोक्यावर बारीक अक्षरात चार आकडे शोधा: ७७८९१, ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९. पहिला टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरा. उरलेले तीन आयर्न ऑक्साइड: लाल, पिवळा आणि काळा. बाजारातल्या बहुतेक 'त्वचेच्या रंगाच्या' वस्तू या चौघांच्या मिश्रणातून बनतात. फिक्या, मधल्या, गडद, सगळ्याच. फरक फक्त प्रमाणाचा. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड तोच आहे, चार व्हेरिएबल्सच्या किमती बदलायच्या आहेत. 'तुमच्या रंगाचं बनवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे' असं कोणी म्हणालं तर त्याला हे चार आकडे दाखवा.

माझा ड्रॉवर, माझी टेस्ट

बग रिपोर्ट लिहिताना आपण व्हर्जन लिहितो, मशीन लिहितो, काय केल्यावर काय झालं ते लिहितो. मेकअपचे रिव्ह्यू मात्र 'एकदम बेस्ट, दिवसभर हलला नाही' एवढ्यावर संपतात. कोणाच्या पापणीवर? कुठल्या हवेत? किती वाजेपर्यंत? म्हणून माझी माहिती आधी देते. रंग गव्हाळच्या पुढे आणि सावळ्याच्या अलीकडे. पापणी चेहऱ्यापेक्षा एक छटा गडद (आपल्याकडे हे सर्रास असतं). पापणीला तेल बऱ्यापैकी सुटतं. टेस्ट अशी: एका डोळ्याला एक बेस, दुसऱ्याला दुसरा, वर दोन्हीकडे एकच मॅट विटकरी शॅडो. सकाळी ९, दुपारी २ आणि संध्याकाळी ७ वाजता खिडकीच्या उजेडात फोटो, आणि शेवटी एक फोटो फ्लॅश मारून. एक फेरी मे महिन्यातल्या पुण्यात, दुचाकीवर, स्कार्फ-गॉगल वगैरे गणवेशासह. दुसरी जुलैमधल्या मुंबईत, जिथे काहीही सुकत नाही.

ज्यांची नावं घेतली आहेत ती चांगलं सांगण्यासाठी. ज्यांचं वाईट सांगायचंय त्यांची नावं घेत नाही, कारण रोग एका कंपनीचा नाही, अख्ख्या कपाटाचा आहे.

१. निक्सची जम्बो पेन्सिल, छटा 'मिल्क'. पांढरी म्हणजे पांढरी, कसलाही आव नाही. मऊ राहते, त्यामुळे वर शॅडो लगेच दाबून बसवावी लागते. पण त्यावर पिवळा, गुलाबी किंवा मोरपिशी रंग लावला की जो उठतो त्याला तोड नाही. कागद पांढरा असला की रंग खुलतात, एवढंच त्यामागचं गणित. आणि मुख्य म्हणजे ती स्वतःला 'स्किन' म्हणवत नाही. मला ती म्हणूनच आवडते.

२. मॅकच्या पेंट पॉटमधली 'पेंटर्ली'. किंचित गुलाबीकडे झुकणारा बेज. पक्की बसते, दोन्ही शहरांत संध्याकाळपर्यंत टिकली. माझ्या पापणीपेक्षा स्पष्ट फिकट आहे, त्यामुळे मी ती डोळा उजळ दाखवायचा असेल तेव्हा वापरते. गोऱ्या मुलीच्या पापणीवर हीच डबी अदृश्य होते. वस्तू एक, कामं दोन, हे लक्षात ठेवा.

३. त्याच घरातली 'सॉफ्ट ओकर'. टिकायला तशीच, रंग पिवळसर. ज्यांच्या त्वचेत पिवळी झाक आहे त्यांना गुलाबी बेजपेक्षा ही जवळची. फिकट मात्र हीसुद्धा.

४. पुन्हा मॅकचीच 'ग्राउंडवर्क'. मधल्या उंचीचा करडा-तपकिरी. माझ्या पापणीवर लावली आणि गायब! विटकरी शॅडो डबीत जशी दिसते तशीच वर दिसली, ना फिकट, ना राखाडी. गंमत बघा, गोऱ्या मुली हिला 'शेड' म्हणून नुसती लावतात. त्यांचा बेस तो माझा रंग, आणि माझा बेस तो त्यांचा रंग.

५. मेबेलिनची कलर टॅटू, छटा 'बॅड टू द ब्रॉन्झ'. ही खरं तर क्रीम शॅडोच. पण पैठणीवर सोनेरी किंवा तांबूस डोळे करायचे असतील तर याच्याइतका सोपा पाया नाही. घाईच्या सकाळी नुसतीही चालते.

६. ट्यूबमधला एक 'युनिव्हर्सल' प्रायमर, नाव नको. लावल्यावर पारदर्शक होतो असा दावा. साध्या उजेडात होतोही. फ्लॅश पडला की पापणीवर पीठ सांडल्यासारखी पांढुरकी झाक. टायटॅनियम डायऑक्साइड उजेड परत फेकतो, तो त्याचा धर्मच आहे. पण मग त्याला पारदर्शक म्हणू नका ना.

७. एका देशी कंपनीचा 'न्यूड' बेस, याचंही नाव नको. देशी म्हणून आशेने घेतला होता. पुण्यात टिकला, मुंबईत दोन वाजता घडीत गोळा झाला, आणि रंग? मारी बिस्किट.

८. माझ्या रंगाचा कन्सीलर, बेस म्हणून. हा जुगाड सगळ्याच सावळ्या मुली करतात. रंग जमतो, पण अनेक कन्सीलर मुद्दाम मऊ आणि ओलसर राहतील असे बनवलेले असतात, म्हणजे डोळ्याखाली भेगाळू नयेत. पापणीवर तोच गुण दोष ठरतो. चार तास, फार तर पाच.

यात पहिला नंबर कोणाचा? कोणाचाच नाही. भडक रंगांना पांढरा, सणासुदीला ब्रॉन्झ, आणि रोजच्या ऑफिसला जो तुमच्या पापणीवर दिसेनासा होतो तो. 'बेस्ट बेस' हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न असा हवा: कोणासाठी आणि कशाखाली?

डिफॉल्ट हा निर्णय असतो

ज्याने कधी सॉफ्टवेअर लिहिलं आहे त्याला एक गोष्ट माहीत असते. डिफॉल्ट आभाळातून पडत नाही. कोणीतरी बसून ठरवलेला असतो, आणि ठरवणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःकडे बघून ठरवतो. फॉर्ममध्ये आडनाव सक्तीचं करणाऱ्याला आडनाव नसलेली माणसं भेटलेली नसतात. तसंच हे.

क्रेयोलाच्या खडूंच्या पेटीत 'फ्लेश', म्हणजे कातडीचा रंग, अशा नावाचा एक खडू होता. १९६२ साली त्याचं नाव 'पीच' केलं. खडू तोच, रंग तोच. बदललं ते एवढंच की तो जगातल्या सगळ्या पोरांची कातडी असल्याचा दावा मागे घेतला. साठ वर्षांहून जास्त झाली याला! मुलांच्या खडूंना जे १९६२ मध्ये कळलं ते मोठ्या बायकांच्या डब्यांना अजून सगळ्यांना कळलेलं नाही.

आपल्याच क्षेत्रातलं बघायचं तर इमोजी. २०१५ मध्ये युनिकोडच्या आठव्या आवृत्तीत त्वचेच्या पाच छटा आल्या. त्यांचा आधार होता फिट्झपॅट्रिक स्केल, जी १९७५ मध्ये एका त्वचारोगतज्ज्ञाने मांडली. मूळ मोजपट्टीत चारच प्रकार होते, गडद त्वचेचे दोन प्रकार नंतर जोडले गेले. म्हणजे मोजपट्टीसुद्धा आधी फिक्या टोकाला आखली जाते आणि आपण मागाहून चिकटवले जातो. पुढे २०१८ मध्ये 'जेंडर शेड्स' नावाच्या अभ्यासात जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, गडद स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. तिथे मारी बिस्किट डबीत नव्हतं, डेटामध्ये होतं.

आता नेहमीचे आक्षेप.

आक्षेप पहिला: 'वरून शॅडो लागणारच आहे, खाली कुठला रंग का असेना.' ज्यांनी ग्राफिक्सचं थोडंही काम केलंय त्यांनी तरी हे म्हणू नये. शॅडोचा थर अर्धपारदर्शक असतो, हे सरळ अल्फा ब्लेंडिंग आहे. दिसणारा रंग म्हणजे थोडा वरचा अधिक थोडा खालचा. खाली फिकट बेज असेल तर विटकरी शॅडो माझ्या पापणीवर खडूसारखी दिसते. आणि सगळ्यात वाईट हाल कडेला होतात. आपण शॅडो बाहेरच्या बाजूला विरत नेतो, जिथे ती संपते तिथे नुसता बेस उरतो. मग शॅडो आणि भुवई यांच्या मध्ये एक फिकट पट्टा. लग्नाच्या अल्बममध्ये हा पट्टा तुम्ही शेकडो वेळा पाहिला आहे, फक्त त्याला नाव नव्हतं.

आक्षेप दुसरा: 'प्रत्येक रंगाची डबी काढणं परवडत नाही.' हा आक्षेप खरा आहे, मी उडवून लावणार नाही. प्रत्येक नवीन छटा म्हणजे वेगळी बॅच, वेगळा साठा, दुकानात वेगळी जागा, आणि नाही खपली तर मुदत संपून फेकायची. मान्य. पण मी चाळीस मागत नाहीये. फेंटी ब्यूटीने २०१७ मध्ये फाउंडेशनच्या चाळीस छटा एकदम बाजारात आणल्या, कारण फाउंडेशन अख्ख्या चेहऱ्यावर बसतं. पापणीला तीन पुरतात: फिकट, मधली, गडद. आणि ज्यांना तीनही परवडत नाहीत त्यांनी डबीवर 'फिकट बेज' असं खरं नाव छापावं. त्याला वेगळी बॅच लागत नाही.

आक्षेप तिसरा: 'आपल्याकडचं मार्केट अजून नवीन आहे.' लॅक्मे १९५२ साली सुरू झाली. नवीन म्हणजे किती नवीन, राव?

आता आपल्या घराकडे

इथपर्यंत वाचून 'बरोबर आहे, या गोऱ्या लोकांना कळतच नाही' म्हणत मान डोलावणाऱ्यांनी जरा थांबावं. सातव्या नंबरची डबी देशी आहे हे विसरू नका. तिचा रंग परदेशातल्या कोणी ठरवलेला नाही, आपणच ठरवलाय.

लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' नावाचा रकाना कोणी आणला? त्यातला 'निमगोरा' हा शब्द बघा, काय अफाट आहे! गोरेपण हे शंभर टक्के, आणि तुम्हाला पन्नास मार्क. आणि ते मराठी घरांमधलं अजरामर वाक्य: "रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." त्या वाक्यात सगळा घोळ त्या 'पण'मध्ये आहे. काकू प्रेमानेच म्हणतात, तेच तर दुखणं आहे. मला तर वाटतं की ती फिकट बेज डबी म्हणजे त्या 'पण'चंच पॅकिंग आहे. तुझी पापणी आहे ती ठीक आहे, पण आधी जरा उजळ करू, मग बघू रंगाचं.

एका मॉलमधल्या काउंटरवर मी 'माझ्या पापणीच्या रंगाचा बेस द्या' म्हटलं. विकणाऱ्या मुलीने सरळ दोन छटा फिकट डबी उचलली. "मॅम, हा लावा, फ्रेश दिसाल." मी म्हटलं, फ्रेश नको, माझ्या रंगाचा हवाय. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नवीन कपडा मुद्दाम मळका मागतेय. ती स्वतः माझ्यापेक्षा सावळी होती आणि तिच्या पापणीवर तोच फिकट पट्टा होता. मला तिचा राग आला नाही. तिला शिकवणाऱ्याचा आला.

नुसती नावं बदलून भागत नाही हेही आपण पाहिलंय. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'ची 'ग्लो अँड लव्हली' झाली. फेअर जाऊन ग्लो आला. आता बायका 'गोरं व्हायचंय' म्हणत नाहीत, 'ग्लो हवाय' म्हणतात, आणि बोट मात्र त्याच फिकट डबीकडे जातं. म्हणून माझी मागणी गोड नावाची नाही, खऱ्या नावाची आहे. डबीत जे आहे ते डबीवर लिहा.

तर करायचं काय?

कंपन्यांसाठी: 'स्किन', 'न्यूड', 'युनिव्हर्सल' हे शब्द टाकून द्या. फिकट, मधला, गडद असं लिहा किंवा नुसते नंबर द्या. आणि दावा 'पारदर्शक' असा असेल तर सावळ्या पापणीवर फ्लॅश मारलेला एक फोटो खोक्यावर छापा.

रिव्ह्यू करणाऱ्यांसाठी: स्वतःचा रंग, पापणीचा तेलकटपणा, शहर, महिना आणि किती तास, एवढं लिहा. दोन ओळींचं काम आहे. त्याशिवाय 'बेस्ट' हा शब्द वापरू नका.

आणि आपल्यासाठी: बेस मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर लावून बघू नका, तिथला रंग पापणीचा नसतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांवरही विश्वास ठेवू नका. टेस्टर असेल तर स्वच्छ काडीने थोडं काढून घ्या (पन्नास जणींनी बोट घातलेल्या डबीत आपलं बोट नको), पापणीच्या कडेला टेकवा आणि दुकानाच्या दारात जाऊन उजेडात बघा. पट्टा दिसला तर तो तुमचा बेस नाही, तो रंग आहे. रंग हवा असेल तर खुशाल घ्या, मीही घेते. पण बेस म्हणून नको.

विकणारी मुलगी फिकट डबी पुढे करेल. तिला शांतपणे विचारायचं, "यात दिसेनासा होणारा कुठला आहे?" नसेल तर पैसे परत पर्समध्ये. रोज चार जणींनी हा प्रश्न विचारला तर तो कधी ना कधी हेड ऑफिसपर्यंत जातो. आपल्या धंद्यात याला फीचर रिक्वेस्ट म्हणतात. :-)